ज्योत, झडप आणि मिलिव्होल्ट

भीमा व नीरा यांच्या मधल्या इंदापूर तालुक्यात ऊस हे प्रमुख पीक. तेथील गुऱ्हाळात चुलवाणाला जाळ घालणारा माणूस आगीवर केवळ डोळ्यांनी लक्ष ठेवी, आणि तेवढे पुरत असे. चिपाडांचा जाळ मंदावला तर बिघडतो तो काकवीचा पाक. याच तालुक्यातील लोणी देवकर आज औद्योगिक वसाहतीचे गाव आहे. वायूवर चालणाऱ्या भट्टीला मात्र चुलवाणाचा न्याय लागू पडत नाही. तेथे ज्योत विझली तरी इंधन येतच राहते. धोका आग विझल्यानंतर सुरू होतो.

मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले, तेव्हा ज्योतीची राखण माणसाकडेच होती. दगडी कोळशापासून काढलेल्या त्या वायूत विषारी कार्बन मोनॉक्साइड असे. १९५५ मध्ये बर्मा-शेलचा ‘बर्शेन’ हा सिलिंडरमधील वायू मुंबईत आला. तो हवेहून जड असल्यामुळे गळला तर जमिनीलगत साचून राहतो.

माणसाच्या डोळ्याची जागा घेणाऱ्या उपकरणाचे मूळ मात्र भट्टीत नाही. १८२१ साली बर्लिनमध्ये टोमास झेबेक याने दोन भिन्न धातू जोडून वलय केले व एक सांधा तापविला. जवळची होकायंत्राची सुई हलली. झेबेकने या घटनेला चुंबकीय मानले. ती वस्तुतः विद्युत्प्रवाहाची आहे हे ओर्स्टेडने ओळखले, आणि ‘तापविद्युत्’ हे नाव रूढ झाले. शोध एकाचा व योग्य संज्ञा दुसऱ्याची, असे विज्ञानात वारंवार घडते.

एका तापयुग्मातून मिळणारा दाब जेमतेम २५ ते ३० मिलिव्होल्ट. एवढ्याने झडप उचलली जात नाही. हाताने दाबून उघडलेली झडप विद्युत्चुंबकाने धरून ठेवता येते, इतकेच. म्हणून लहान ज्योत पेटविल्यावर बटण काही काळ दाबून धरावे लागते. अनेक युग्मे एकापुढे एक जोडली की सुमारे ७५० मिलिव्होल्टपर्यंत दाब मिळतो, आणि मुख्य झडप बाहेरच्या विजेवाचून चालते. भारनियमन सोसलेल्या प्रदेशाला या गुणाचे मोल सांगावयास नको. या व्यवस्थेचे खरे सामर्थ्य तिच्या दुर्बलतेतच आहे. तार तुटो, जोड गंजो वा ज्योत विझो, प्रवाह ओसरतो, स्प्रिंग झडप मिटविते.

मराठीतील ‘झडप’ हा शब्द येथे यथार्थ आहे. त्यात कवाडही आहे आणि एकाएकी घातलेली झेपही. कारखान्यात मात्र ‘वॉल’ हेच रूप ऐकू येते, जसे गावाला पाणी सोडणारा तो ‘वॉलमन’. ‘अ‍ॅक्च्युएटर’ला ‘चालक’ म्हणावे, तर गाडी हाकणारा डोळ्यांपुढे उभा राहतो.

परीक्षणाचा आरंभ ज्योतीपासून करावा लागतो. तिचे छिद्र कचऱ्याने बुजले असेल तर टोक पुरेसे तापत नाही, आणि निर्दोष झडप विनाकारण बदलली जाते. त्यानंतर मिलिव्होल्टमापक. केवळ मोकळ्या टोकांवरचे माप फसवे असते. आतील रोध वाढलेले जुने युग्म एकटे असताना उत्तम आकडा दाखविते, पण झडपेचे वेटोळे जोडताच तो कोसळतो. यास्तव भाराखालचे माप हेच प्रमाण. इतक्या क्षीण दाबाला जोडावरचा मळही भारी पडतो. उष्णतानियंत्रकाची दोन टोके क्षणभर तारेने जोडल्यावर झडप उघडली, तर दोष नियंत्रकात वा त्याच्या तारांत आहे असे समजावे. उलटपक्षी घरगुती वीज या वेटोळ्यास लावल्यास ते जळते. बटण तारेने बांधून ठेवण्याचा उपाय तर अक्षम्य होय. त्यामुळे राखणदारच नाहीसा होतो.

अखेरीस ज्योत मुद्दाम विझवून, झडप मिटल्याचा ‘टक्’ आवाज येईपर्यंतचा काळ मोजतात. मात्र आवाज आला म्हणजे वायू थांबला असे नव्हे. झडपेच्या बैठकीवर कण अडकला असेल, तर मिलिव्होल्टमापक शून्य दाखवील आणि वायू झिरपतच राहील. तो शोधण्यासाठी झडपेपुढील नळीच्या तोंडाशी साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावे लागतात. आणि ते पाहण्यास पुन्हा डोळेच लागतात.