लाखाचा इअरफोन दोन हजारांच्या इअरफोनपेक्षा चांगला वाजतो का? आवाजाची पारख कशी करायची?

एका इअरफोनची किंमत दोन हजार रुपये, दुसऱ्याची एक लाख. दोन्ही कानात मावतात, दोन्हींवर तेच गाणं वाजतं. मग वरच्या अठ्ठ्याण्णव हजारांत नेमकं काय मिळतं?

रील्स आणि यूट्यूबवरच्या रिव्ह्यूंमध्ये या प्रश्नाचं उत्तर भारी शब्दांत मिळतं. 'मखमली बेस', 'काचेसारखे स्वच्छ मिड्स', 'डोळ्यांसमोर स्टेज उभं राहतं' वगैरे. ऐकायला छान वाटतं, पण आपल्या कानात काय वाजणार आहे, हे त्यातून कळत नाही. अनेकांसाठी ही रक्कम दोन-तीन महिन्यांच्या पगाराएवढी असते. त्यामुळे खिशात हात घालण्याआधी संशोधन काय सांगतं आणि दुकानात पंधरा मिनिटं मिळाली तर काय ऐकायचं, हे माहीत असलेलं बरं.

इन-इअर मॉनिटर आले कुठून?

कानाच्या नळीत घट्ट बसणाऱ्या या इअरफोनना 'इन-इअर मॉनिटर' किंवा 'आयईएम' म्हणतात. अमेरिकेतल्या एटिमोटिक या कंपनीचा 'ईआर-४' हा सुरुवातीचा गाजलेला इन-इअर १९९१ मध्ये आला. त्यानंतर १९९५ च्या सुमारास साउंड इंजिनिअर जेरी हार्वी यांनी 'व्हॅन हेलन' बँडचे ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी असे इअरफोन तयार केले. स्टेजवरच्या गोंगाटात ड्रमरला स्वतःचं आणि इतरांचं वादन स्पष्ट ऐकू यावं, ही गरज होती. त्यातूनच 'अल्टिमेट इअर्स' ही कंपनी उभी राहिली.

म्हणजे हे मूळचं कामाचं साधन. चैनीची वस्तू ते नंतर झालं.

इअरफोनच्या आत आवाज तयार करणारा भाग म्हणजे ड्रायव्हर. त्याचे दोन प्रकार जास्त दिसतात. 'डायनॅमिक' ड्रायव्हर म्हणजे छोटासा स्पीकरच. 'बॅलन्स्ड आर्मेचर' आकाराने त्याहून लहान असतो आणि तो श्रवणयंत्रांमधून इकडे आला. जाहिरातींत ड्रायव्हरची संख्या मोठ्या अक्षरांत छापतात. पण २०१३ मध्ये आलेल्या शुअरच्या 'एसई८४६'मध्ये चार ड्रायव्हर होते आणि किंमत ९९९ डॉलर होती. २०२१ मध्ये आलेल्या सेनहायझरच्या 'आयई ९००'मध्ये ७ मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर होता आणि किंमत त्याहून जास्त, १,२९९ डॉलर. तेव्हा ड्रायव्हर मोजून आवाजाची पारख होत नाही.

मग चांगला आवाज म्हणजे काय?

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. खालच्या टोकाला बेस, मधल्या पट्ट्यात माणसाचा आवाज आणि बहुतेक वाद्यं, वरच्या टोकाला ट्रेबल. कोणता पट्टा किती मोठ्याने वाजतो, याच्या आलेखाला 'फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स' म्हणतात. इअरफोन कसा वाजेल, याचा सर्वांत मोठा भाग इथेच ठरतो.

यावर सहज मनात येतं, की सगळे पट्टे सारखेच वाजले, आलेखाची रेघ सपाट आली, तर इअरफोन उत्तम. तसं नाही, आणि त्याचं कारण आपल्या कानातच आहे.

कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची असते. बासरीच्या पोकळीसारखी तीही एका ठरावीक स्वराला जास्त घुमते, ३,००० हर्ट्झच्या आसपास. समोर कुणी बोलत असेल, तर तो पट्टा कानाच्या पडद्यापर्यंत वाढूनच पोहोचतो. जन्मापासून तसंच ऐकल्यामुळे मेंदूला ते नैसर्गिक वाटतं. इन-इअर लावला की नळीचं तोंड बंद होतं आणि ते घुमणं बदलतं. त्यामुळे ही वाढ इअरफोनलाच भरून द्यावी लागते. ती दिली नाही, तर गायक चादर ओढून गातोय असं वाटतं. जास्त दिली, तर आवाज टोचायला लागतो.

किंमत आणि आवाज: संशोधन काय म्हणतं?

'ही वाढ नेमकी किती हवी' या प्रश्नावर हार्मन कंपनीतले संशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं काम केलं. एका अभ्यासात त्यांनी इन-इअरची ३० मॉडेल्स घेतली आणि ७१ जणांना गुण द्यायला सांगितलं. त्यात प्रशिक्षित श्रोते होते आणि सर्वसामान्यही.

यातली मेख अशी, की श्रोत्यांच्या कानात सगळा वेळ एकच इअरफोन होता. प्रत्येक मॉडेलचा मोजलेला आवाज त्याच इअरफोनवर हुबेहूब उभा केला जात होता. त्यामुळे ब्रँड, रंग, वजन, डबा यांपैकी काहीच श्रोत्यांना कळत नव्हतं. प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित, दोन्ही गटांनी पसंती दिली ती संशोधकांनी आखलेल्या एका वक्ररेषेला. आज 'हार्मन टार्गेट' म्हणून तुलनेसाठी वापरतात ती रेषा याच कामातून आली. तिच्यात बेस थोडा उचललेला आहे आणि ३,००० हर्ट्झजवळ उंचवटा आहे.

दुसरा अभ्यास २०१७ मधला. संशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोन आणि इअरफोनचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स त्यांच्या किमतीशी ताडून पाहिला. दोन्हींत संबंध सापडला नाही. शोधनिबंधाचं शीर्षकच तसं आहे.

याचा अर्थ सगळे महागडे इअरफोन वाईट, असा नाही. अर्थ एवढाच, की किमतीच्या आकड्यावरून आवाजाचा अंदाज बांधता येत नाही. जास्तीचे पैसे घडणीत, धातूच्या किंवा हाताने बनवलेल्या कवचात, कानाच्या मापानुसार केलेल्या बांधणीत, केबलमध्ये आणि ब्रँडच्या नावात जाऊ शकतात. काही वेळा ते आवाजातही जातात. कुठे गेले, हे तपासण्याचं काम घेणाऱ्याचं.

आपलेच डोळे आपल्याला फसवतात

१९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी ४० जणांना स्पीकर ऐकवले. एकदा समोर दिसत असताना, एकदा पडद्याआड. स्पीकर तेच, पण गुण बदलले. दिसत असताना मोठ्या आणि देखण्या स्पीकरला झुकतं माप मिळालं. पडदा आल्यावर तो फरक ओसरला. हे श्रोते खोटं बोलत नव्हते. जे डोळ्यांना आवडलं होतं, ते त्यांच्या कानांनाही आवडू लागलं होतं.

लाखाच्या इअरफोनचा मखमली डबा उघडताना आपलंही हेच होतं.

दुसरा सापळा व्हॉल्यूमचा. माणसाचा कान सगळे पट्टे सारख्याच संवेदनेने ऐकत नाही. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच ते मोजून दाखवलं होतं. आवाज कमी असेल तर बेस आणखी कमी ऐकू येतो. आवाज वाढवला की तोच इअरफोन भरदार वाटायला लागतो. म्हणून दोन इअरफोनपैकी एक जरासा मोठ्याने वाजत असेल, तर बहुतेकांना तोच 'जास्त चांगला' वाटतो. तो फक्त मोठा असतो.

इंटरनेटवरचे आलेख कसे वाचायचे?

अनेक रिव्ह्यूवर आलेख देतात. ते कृत्रिम कानावर मोजलेले असतात. यासाठी 'आयईसी ६०३१८-४' नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. जुन्या क्रमांकावरून त्याला '७११ कपलर' असंही म्हणतात. आलेख वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या.

एक, तुलना एकाच ठिकाणी, एकाच उपकरणावर मोजलेल्या आलेखांची करायची. एकाचा आलेख इथून आणि दुसऱ्याचा तिथून, असं चालत नाही. दोन, ८,००० हर्ट्झच्या पुढच्या रेषेवर फार विसंबायचं नाही. तिथली उंची इअरफोन किती खोल बसला, यावर बदलते आणि प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळी असते. आलेखामुळे चाळण लागते. वीसपैकी तीन-चार इअरफोन उरतात. पुढचा निकाल कानानेच लावायचा.

दुकानात पंधरा मिनिटं मिळाली तर काय कराल?

*आधी टिप बदलून पाहा.* इअरफोनच्या टोकाचं रबर किंवा फोम नळीत नीट बसलं नाही, तर फटीतून बेस गळतो. 'यात बेसच नाही' या तक्रारीमागे बरेचदा चुकीच्या मापाची टिप असते. दोन कानांना वेगवेगळं माप लागू शकतं. टिप बसल्याशिवाय आवाजाबद्दल मत बनवू नका.

*व्हॉल्यूम जुळवा.* इअरफोन बदलला की एकाच गाण्याची तीच ओळ लावून आवाज सारखा करा. शक्य असेल तर मित्राला इअरफोन हातात द्यायला सांगा आणि डोळे मिटून ऐका.

*पाठ असलेली गाणी लावा.* दुकानदार लावतो ते गाणं त्या इअरफोनवर उत्तम वाजतं, म्हणूनच तो ते लावतो. तुम्ही शंभरदा ऐकलेलं गाणं लावा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली फाइल नको. चांगल्या दर्जाची, शक्यतो फोनमध्ये डाउनलोड केलेली घ्या.

*वाद्यं ओळखीची निवडा.* आपल्याकडची वाद्यं या कामाला फार उपयोगी पडतात. बेससाठी तबल्याचा डग्गा ऐका. घुमारा गोल येतो आणि वेळेवर थांबतो का, की पुढच्या बोलावर सांडतो? उजव्या तबल्याला सूर असतो. त्याच्या मधल्या शाईमुळे चामड्याचे उपस्वर सुरेल होतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं होतं. तो सूर ऐकू येतोय, की नुसती टकटक? मधल्या पट्ट्यासाठी ओळखीचा गायक आणि हार्मोनियम. गायक हार्मोनियमच्या पुढे बसलेला वाटला पाहिजे. तंबोऱ्यात उपस्वरांची झालर ऐकू येते का ते पाहा. वरच्या टोकासाठी भजनातले टाळ. ते चमकले पाहिजेत, पण दहाव्या मिनिटाला दातावर दात येत असतील तर तो इअरफोन तुमच्यासाठी नाही.

*गर्दीचं गाणं लावा.* 'सैराट'साठी सिंफनी वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झालं होतं. 'याड लागलं'मध्ये व्हायोलिनचा ताफा येतो, तेव्हा गायकाचे शब्द त्यात बुडतात का? वाद्यं वेगवेगळी कळतात, की सगळ्यांचा काला होतो?

*शेवटची पाच मिनिटं काहीच तपासू नका.* नुसतं गाणं ऐका. कान दुखतो का, इअरफोन सुटतो का, आवाज कमी करावासा वाटतो का? झगमगीत ट्रेबल पहिल्या मिनिटाला भुलवतो आणि तासाभराने थकवतो.

फोनचाही दोष असू शकतो

एकापेक्षा जास्त बॅलन्स्ड आर्मेचर असलेल्या काही इअरफोनचा विद्युत रोध वेगवेगळ्या पट्ट्यांत वेगवेगळा असतो. फोनला जोडलेल्या डोंगलचा किंवा अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा रोध जास्त असेल, तर अशा इअरफोनचा सूरच बदलतो. त्यामुळे दुकानातल्या महागड्या प्लेअरवर ऐकून घरी फोनवर लावल्यावर 'हा तो नाहीच' असं वाटू शकतं. ज्यावर रोज ऐकणार, तोच फोन आणि तोच डोंगल दुकानात घेऊन जा.

सर्वांत महाग वस्तू कोणती?

या सगळ्यात बदलून न मिळणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कान. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानता येतो. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि सहसा आधी जातो तो वरचा पट्टा, म्हणजे ज्या बारकाव्यांसाठी लाख रुपये मोजले, तेच.

नीट बसलेला इन-इअर इथे उपयोगी पडतो. बाहेरचा गोंगाट अडल्यामुळे लोकलमध्येही कमी आवाजात गाणं स्पष्ट ऐकू येतं. रस्ता किंवा रूळ ओलांडताना मात्र तो कानातून काढाच.

मग लाख रुपये घालायचे का?

आधी दोन-तीन हजारांचा, चांगला आलेख असलेला इअरफोन घ्या आणि महिनाभर वापरा. फोनमधल्या इक्वलायझरने बेस, ट्रेबल कमी-जास्त करून पाहा. आपल्याला काय आवडतं आणि काय खुपतं, हे कळेल. नंतर महागडा इअरफोन ऐकायला जाल, तेव्हा खिशात हा स्वस्त इअरफोनही असू द्या. टिप बसवून, व्हॉल्यूम जुळवून, डोळे मिटून दोन्ही ऐका.

फरक ऐकू आला आणि तो तुम्हाला हवा असलेला असेल, तर किंमत द्यायची की नाही, हा ज्याच्या-त्याच्या खिशाचा प्रश्न. फरक शोधावा लागत असेल, तर उरलेल्या अठ्ठ्याण्णव हजारांत पुढची कित्येक वर्षं तिकीट काढून मैफलींना जाता येईल.