ब्लॅकफूट डेझी: ऊन चालतं, जास्त पाणी नाही!

ब्लॅकफूट डेझी (शास्त्रीय नाव मेलाम्पोडियम ल्यूकँथम) हे अमेरिकेच्या नैऋत्य भागात आणि उत्तर मेक्सिकोत कोरड्या, चुनखडीच्या जमिनीत वाढणारं बहुवर्षीय झुडूप आहे. उंची जेमतेम १५ ते ३० सेंटीमीटर. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळा भाग आणि मधासारखा वास.

रॉक गार्डनमध्ये ते लावायचं असेल तर भरपूर ऊन आणि पाण्याचा लगेच निचरा होणारी खडीची जमीन निवडा. खताची गरज नाही. सोटमूळ खोल जातं, म्हणून रोप एकदा लावलं की हलवू नका. मूळ धरेपर्यंत नियमित पाणी द्या. नंतर माती पूर्ण सुकल्यावरच. पाणी साचलं की मुळं कुजतात. रोपाला दुष्काळापेक्षा आपल्या लाडाचाच धोका जास्त!