मार आणि मालकी

वस्तीत महिलांची बैठक घेतली की एक प्रश्न हमखास येतो. बाई कमावते, बचत गट चालवते, बँकेत तिच्या नावाचे खाते आहे. मग ती मार का खाते? या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे. पैसा हातात आला की निर्णयही हातात येतो, असे आपण धरून चालतो. इतिहास तसे सांगत नाही. मारहाण ही घरातली खाजगी बाब आणि पैसा हा वेगळा, आर्थिक विषय, अशी वाटणी आपण आज करतो. ज्यांनी बाईला बांधले त्यांनी ती कधीच केली नव्हती.

मनुस्मृतीचा आठवा अध्याय उघडून पाहा. २९९ वा श्लोक सांगतो की अपराध केल्यास कोणाला दोरीने किंवा वेळूच्या कांबीने मारावे. यादी अशी: पत्नी, मुलगा, दास, नोकर, धाकटा भाऊ. त्याच अध्यायातील ४१६ वा श्लोक सांगतो की धन कोणाचे नसते. यादी अशी: पत्नी, मुलगा, दास. हे जे मिळवतील ते त्यांच्या मालकाचे. दोन्ही याद्यांची सुरुवात त्याच तिघांपासून, त्याच क्रमाने होते. हा योगायोग आहे, असे आम्हाला वाटत नाही. जिला मारता येते तिचे धन तिचे नसते, आणि जिचे धन तिचे नसते तिला मारता येते. यातला मुलगा पुढे स्वतः कुटुंबप्रमुख होऊन यादीतून सुटतो. बायको कधीच सुटत नाही. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर लिहिलेल्या लेखात मनूविरुद्ध हे दोन्ही श्लोक पुराव्यादाखल मांडले, ते उगीच नव्हे.

मनूचे समर्थक इथे दोन गोष्टी पुढे करतात. एक, स्त्रीधन. दुसरी, नवव्या अध्यायातला ११ वा श्लोक, ज्यात धनाचा संग्रह आणि खर्च हे काम पत्नीला द्यायला सांगितले आहे. पाहा, तिजोरीच तिच्या हाती दिली, असे ते म्हणतात. पण त्याच्या आधीचा श्लोक ते वाचत नाहीत. बळजबरीने स्त्रीची राखण होत नाही, या उपायांनी होते, असे सांगून मग ही कामे सांगितली आहेत. म्हणजे हिशेब ठेवायला लावणे हा तिला राखण्याचा उपाय आहे, तिचा अधिकार नव्हे. याच अध्यायाचा १९९ वा श्लोक तर नवऱ्याच्या परवानगीशिवाय स्वतःच्या धनालाही हात लावू देत नाही. हिशेब तिचा, मालकी त्याची. आज पगाराचा आकडा तिच्या पासबुकावर आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असते, तेव्हा याहून वेगळे काय घडते?

आपल्याकडची बाई कायम घराबाहेर राबली, म्हणून ती सवर्ण बाईपेक्षा मोकळी होती, असे आपणही अभिमानाने म्हणतो. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' वाचल्यावर हा अभिमान टिकत नाही. सासरहून पळणाऱ्या सुनेच्या पायात जड लाकडी खोडा अडकवत, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. ज्या सुनेच्या कष्टावर घर चालायचे, तिलाच ते घर सोडता येत नव्हते. बेबीताई स्वतः फलटणला दुकानात बसत. तिथेच बसून त्यांनी हे पुस्तक लिहिले आणि कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. नवऱ्याचा मार त्यांनीही सोसला होता. समोर दुकानाचा गल्ला होता, पण लिहिलेली पाने लपवावी लागत होती. कमाई आणि मोकळीक यांतले अंतर एवढे असते.

हे अंतर आपल्या चळवळीने फार लवकर ओळखले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली, तेव्हा वर सांगितलेले दोन्ही श्लोक एकाच आगीत गेले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद झाली. तिने कायद्याने घटस्फोटाचा हक्क मागितला आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची मागणी केली. त्याच परिषदेत गिरणी, विडी, नगरपालिका आणि रेल्वेतल्या कामगार स्त्रियांसाठी रजा, भरपाई आणि निवृत्तिवेतन मागितले गेले. घर सोडता येण्याचा हक्क आणि मजुरीचा हक्क एकाच बैठकीत मागितला गेला. मनूने जे एकत्र बांधले होते, ते आपल्या आयाआज्यांनी एकत्रच सोडवायला घेतले.

बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलाची रचनाही अशीच होती. ९ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी ते सभागृहापुढे मांडले. स्त्रीला मिळालेल्या मालमत्तेवर तिची मर्यादित नव्हे, पूर्ण मालकी. मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा. हुंडा दिला गेलाच तर तो मुलीच्या नावची विश्वस्त मालमत्ता मानायचा. १८ वर्षांची झाल्यावर तिला तो मागता येईल आणि सासरच्यांना तो उधळून तिला निराधार करता येणार नाही. घटस्फोट. आणि क्रूरतेमुळे वेगळे राहावे लागले तरी पोटगी. या शेवटच्या कलमाचे मोल ध्यानात घ्या. नवऱ्याच्या घरात न राहणाऱ्या बायकोला जुना हिंदू कायदा सर्वसाधारणपणे पोटगी देत नसे. म्हणजे भाकरी त्याच घराला बांधलेली, जिथे मार होता. १९४६ च्या कायद्याने या गाठीला पहिला धक्का दिला होता. बाबासाहेबांना ती पुरती सोडवायची होती.

१९५१ मध्ये विवाह आणि घटस्फोटाचा भाग आधी वेगळा काढायचे ठरले. तोही चार कलमांपुढे सरकला नाही. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये चार वेगवेगळे कायदे झाले. त्यांनी बरेच काही दिले हे खरे. पण तुकडे झाले आणि फटी राहिल्या. १९५५ च्या विवाह कायद्यात क्रूरता हे फक्त न्यायिक विभक्ततेचे कारण होते; घटस्फोटाचे कारण ती १९७६ मध्ये झाली. १९५६ च्या वारसा कायद्याच्या २३ व्या कलमाने, भावांनी वाटणी करायचे ठरवेपर्यंत बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहहिस्सेदार केले, पण ज्यांची लग्ने आधीच झाली होती त्यांना वगळून. मार खाणारी बाई तर लग्न झालेलीच असते!

शेवटी २००५ मध्ये ते २३ वे कलम रद्द झाले. त्याच वर्षी कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला. त्याने आर्थिक छळाला हिंसा म्हटले आणि घर कोणाच्याही नावावर असो, बाईला त्यात राहण्याचा हक्क दिला. १९४८ मध्ये बाबासाहेबांनी एकत्र मांडलेली गोष्ट कायद्यात पुन्हा जुळायला ५७ वर्षे लागली.

व्यवहारात ती अजून जुळलेली नाही. बहीण भावाच्या नावे हक्कसोड पत्रावर सही करते, तेव्हा सगळे तिच्या मायेचे कौतुक करतात. तिच्या मनातला हिशेब कोणी विचारत नाही. उद्या नवऱ्याने हाकलले तर भावाने दार उघडावे, म्हणून ती आजच किंमत मोजत असते. बचत गटाचे कर्ज तिच्या नावावर निघते, पैसा नवरा नेतो आणि हप्ता ती भरते. दूरची चांगली नोकरी ती नाकारते, कारण उशिरा आल्यावर काय होते ते तिला ठाऊक असते. बाहेरून हे सगळे तिचेच निर्णय दिसतात. भीतीने केलेल्या सहीला आम्ही निर्णय म्हणत नाही.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांना आमचे स्पष्ट सांगणे आहे. नवरा-बायकोचे भांडण मिटवायला बसाल तेव्हा 'सांभाळून घे' म्हणून उठू नका. घरकुल कोणाच्या नावावर आहे, कार्ड कोणाकडे आहे, कर्ज कोणी उचलले, दागिने कोणी गहाण टाकले, हे तिथेच विचारा. आणि हे प्रश्न आधी आपल्या घरात विचारा. दरवर्षी २५ डिसेंबरला आपण मनुस्मृती दहनाचा दिवस साजरा करतो. बायकोचे पासबुक ज्याच्या कपाटात कुलूपबंद आहे, त्याने त्या दिवशी भाषण करण्याआधी ते कुलूप उघडावे.

जय भीम!