कॉड कुणी संपवला?

'माणसाच्या हावरटपणामुळे समुद्र रिकामे झाले' हे वाक्य पर्यावरणावरच्या भाषणात हमखास ऐकू येतं. माझा प्रश्न साधा आहे: कोणत्या माणसाच्या? इथे 'माणूस' हा शब्द 'हिंदू समाज' या शब्दासारखा वापरला जातो. सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं की आत कोण वर आणि कोण खाली, हे विचारायची सोयच उरत नाही.

समाजशास्त्र शिकताना गॅरेट हार्डिनचा 'ट्रॅजेडी ऑफ द कॉमन्स' हा १९६८चा निबंध वाचावाच लागतो. जे सगळ्यांचं असतं ते प्रत्येकजण ओरबाडतो आणि शेवटी सगळेच बुडतात, असं त्याचं म्हणणं. समुद्रातल्या माशांचाही त्यात उल्लेख आहे. योगायोग असा की, त्याच १९६८ साली कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळच्या समुद्रात कॉड माशाची विक्रमी पकड झाली, सुमारे आठ लाख टन. पुढच्या चोवीस वर्षांत तिथली मासेमारी बंद पडली. हार्डिनला तपासायचं तर इथेच तपासावं.

१४९७ साली जॉन कॅबट त्या बाजूला जाऊन आला. दगड बांधून टोपली पाण्यात सोडली तरी मासे वर येतात, अशी बातमी युरोपात पसरली. मग इंग्लिश, फ्रेंच, पोर्तुगीज, बास्क जहाजांची रीघ लागली. पुढे वसाहतवाल्यांनी किनारे आणि नद्यांची मुखं अडवली. मासे, सील आणि समुद्रपक्ष्यांवर जगणारे तिथले मूळ रहिवासी बिओथुक आतल्या भागात ढकलले गेले. उपासमार, क्षयरोग आणि बंदुकी यांनी ते संपले. त्यांच्यातली शेवटची ज्ञात स्त्री शनॉडिथिट १८२९ साली वारली. कॉडच्या इतिहासात हे प्रकरण बहुधा तळटीपेत असतं.

कॉड खारवून, वाळवून निर्यात व्हायचा. चांगला माल युरोपात जाई. अगदी हलका, मोडका माल कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत, गुलामांच्या पोटासाठी. साखरेचा नफा या टाकाऊ मासळीवर उभा होता. प्रतवारी माशाची दिसते, पण ती माणसांचीच होती. कुणाच्या वाट्याला कसलं अन्न यायचं, हे आपल्या आज्यांना विचारा.

बेटावरचा कोळीही मोकळा नव्हता. हंगामाआधी व्यापारी मीठ, पीठ, जाळी उधार देई आणि हंगामानंतर मासळी उचलून नेई. दोन्हीचे भाव तोच ठरवी. रोकड हातात पडतच नसे. ज्यांच्या पणजोबांनी खोताचा हिशेब सोसला, ज्या खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

पण एवढं शोषण असूनही कॉड टिकला होता. शतकानुशतकं मासेमारी चालली, तरी १९५०च्या दशकापर्यंत वर्षाची पकड तीन लाख टनांच्या आतच राहिली. १९५४ साली 'फेअरट्राय' हे ब्रिटिश जहाज समुद्रात उतरलं. मासा ओढायचा, कापायचा, गोठवायचा, सगळं जहाजावरच. पाठोपाठ सोव्हिएत, जर्मन, स्पॅनिश जहाजं आली. समाजवादी जहाज असो की भांडवलदारी, तळ खरवडणारं जाळं सारखंच. १९७७ साली कॅनडाने २०० सागरी मैलांचा पट्टा आपल्या ताब्यात घेतला, परकी जहाजं हटवली आणि त्या जागी आपल्या कंपन्यांचे ट्रॉलर आणले.

खरी गोष्ट इथे आहे. मासा किती उरलाय याचा सरकारी अंदाज मोठ्या प्रमाणात ट्रॉलरच्या पकडीवरून निघे. आधुनिक यंत्रांनी ट्रॉलर उरलेला थवा बरोबर हुडकत, त्यामुळे कागदावर समुद्र भरलेलाच दिसे. किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार मात्र सांगत होते की मासा कमी झालाय, लहान झालाय. त्यांच्या संघटनेने १९८६ साली स्वतः जीवशास्त्रज्ञांकडून अहवाल करून घेतला. सरकारी आकडे फुगलेले आहेत, असं त्यात निघालं. अनुभव म्हणजे ज्ञान नव्हे, असा शिक्का आपल्या ओळखीचाच आहे. कोकणातले रापणवाले आणि डोलवाले पर्ससीन आणि एलईडी मासेमारीबद्दल ओरडत होते, तेव्हाही हेच. केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली ती २०१७ साली.

२ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारने उत्तरेकडच्या कॉडची मासेमारी थांबवली, म्हणे दोन वर्षांसाठी. त्या वर्षांत पाणी जास्त थंड होतं, हेही एक कारण होतं, पण मासा त्याआधीच खिळखिळा झाला होता. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. त्यात कारखान्यांत मासे साफ करणाऱ्या बायाही होत्या, ज्यांनी एकही ट्रॉलर चालवला नव्हता. हार्डिनच्या 'प्रत्येकजण' या शब्दात त्याही येतात.

बंदी उठली २०२४ साली, बत्तीस वर्षांनी. परवानगी १८ हजार टनांची. त्यातही मोठ्या ट्रॉलरना वाटा ठेवला गेला, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची युनियन पुन्हा विरोधात उभी राहिली.