एसेक्स काउंटीतील गावसभा

एसेक्स काउंटीतील गावसभा : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्हर्माँट राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातील एका लहान, ग्रामीण काउंटीत टिकून राहिलेली प्रत्यक्ष लोकशाहीची संस्था. या काउंटीच्या उत्तरेस कॅनडाचा क्वीबेक प्रांत व पूर्वेस कनेक्टिकट नदीपलीकडे न्यू हँपशर राज्य आहे. क्षेत्रफळ सुमारे १,७४५ चौ. किमी., लोकसंख्या ५,९२० (२०२०). लोकसंख्येच्या दृष्टीने न्यू इंग्लंड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहा राज्यांतील ही सर्वांत लहान काउंटी होय. बहुतेक प्रदेश अरण्याने व्यापलेला असून वस्ती मुख्यत्वे नदीकाठी व जुन्या लोहमार्गालगत आढळते. काउंटीचे मुख्य ठिकाण गिल्डहॉल असून तेथील वस्ती तीनशेच्याही आत आहे.

इंग्रजीत ज्याला ‘टाउन’ म्हणतात, ते न्यू इंग्लंडमध्ये शहर नव्हे. एक-दोन वाड्या, त्यांभोवतालची शेते, कुरणे व जंगल मिळून झालेला, निश्चित सीमांचा तो एक प्रदेश असतो. म्हणून प्रस्तुत नोंदीत त्यासाठी ‘गाव’ व त्याच्या सभेसाठी ‘गावसभा’ हे शब्द योजिले आहेत.

काउंटी म्हटली की तिचे एक निवडलेले मंडळ, त्याची कचेरी व त्याचे नियम असा कारभार डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेच्या दक्षिण व पश्चिम भागांत वस्तुस्थिती तशी आहेही. व्हर्माँटमधील चौदा काउंट्या मात्र बव्हंशी न्यायदानाच्या सोयीसाठी पाडलेले विभाग आहेत. एसेक्स काउंटी १७९२ मध्ये अस्तित्वात आली. न्यायालयाची इमारत, शेरीफ, सरकारी वकील आणि दोन साहाय्यक न्यायाधीश एवढाच तिचा संसार. हे साहाय्यक न्यायाधीश लोकांनी निवडलेले असतात व ते कायद्याचे पदवीधर असलेच पाहिजेत असे नाही. एखादा शेतकरी किंवा दुकानदारही मुख्य न्यायाधीशाच्या शेजारी बसून खटल्यातील वस्तुस्थितीविषयी मत देऊ शकतो. काउंटीचा छोटासा अर्थसंकल्प हेच दोघे तयार करतात आणि त्यासाठी लागणारा पैसा गावांकडून करपात्र मालमत्तेच्या प्रमाणात वसूल होतो. खरी सत्ता काउंटीकडे नाही. ती गावाकडे आहे, आणि गावाची सत्ता वर्षातून एकदा भरणाऱ्या सभेत आहे.

या सभेचे मूळ मॅसॅचूसेट्समधील प्यूरिटन वसाहतींत सापडते. डॉर्चेस्टर येथील रहिवाशांनी १६३३ मध्ये नियमितपणे एकत्र जमून गावची कामे ठरविण्यास आरंभ केला. १६३६ मध्ये वसाहतीच्या सर्वसाधारण सभेने गावांना आपल्या जमिनींची वाटणी करण्याचा व स्थानिक नियम करण्याचा अधिकार मान्य केला. ही संस्था राजसत्तेला किती बोचत होती हे १७७४ च्या मॅसॅचूसेट्स शासन कायद्यावरून दिसते : गव्हर्नरच्या परवानगीवाचून वर्षातून एकापेक्षा अधिक सभा भरवू नयेत, असे बंधन ब्रिटिश संसदेने त्यात घातले. पुढे जेफर्सनला या लहान लहान सभांत प्रजासत्ताकाचा पाया दिसला, तर १८३१ मध्ये अमेरिकेत आलेला फ्रेंच विचारवंत तॉकव्हील याने त्यांना स्वातंत्र्याची शाळा मानले. दोघांच्याही स्तुतीत तथ्य आहे; पण दोघांनीही तिची दुसरी बाजू फारशी न्याहाळली नाही.

व्हर्माँटमधील गावे जन्माला आली ती जमिनीच्या व्यवहारातून. न्यू हँपशरचा गव्हर्नर बेनिंग वेंटवर्थ याने १७४९ ते १७६४ या काळात कनेक्टिकट नदीच्या पश्चिमेस शंभराहून अधिक सनदा दिल्या. सहा मैल लांब व सहा मैल रुंद असा चौकोन नकाशावर आखावयाचा, त्याला नाव द्यावयाचे आणि अर्जदारांत वाटून टाकावयाचा, अशी ही पद्धत होती. याच प्रदेशावर न्यूयॉर्कचाही दावा होता. त्या तंट्यातून १७७७ मध्ये व्हर्माँट स्वतंत्र झाले व १७९१ मध्ये चौदावे राज्य म्हणून संघराज्यात सामील झाले. गिल्डहॉलची सनद १७६१ ची आहे. म्हणजे येथील गावसभा राज्यापेक्षाही जुनी; हे गावकरी विसरत नाहीत.

नकाशावरील चौकोन प्रत्यक्ष डोंगराळ भूमीवर नीट जुळले नाहीत. दोन मोजणीदारांच्या रेषांमध्ये पाचरीसारखे तुकडे शिल्लक राहिले. त्यांस ‘गोअर’ म्हणतात. एसेक्स काउंटीत तेरा संघटित गावे असून अ‍ॅव्हरिल, फर्डिनंड व लुइस ही तीन असंघटित गावे, अ‍ॅव्हरीज व वॉरन्स हे दोन गोअर आणि वॉर्नर्स ग्रँट असे आणखी सहा भाग आहेत. त्यांत कायमची वस्ती अत्यल्प आहे. सभा चालविण्यापुरती, पदे भरण्यापुरतीही माणसे नाहीत. म्हणून या सहांचा कारभार एका संयुक्त व्यवस्थेखाली आणलेला आहे. सभेसाठी अगोदर गाव असावे लागते, ही साधी गोष्ट येथे नकाशावरच दिसते.

संघटित गावाची वार्षिक सभा मार्च महिन्याच्या पहिल्या मंगळवारी भरते. हा दिवस राज्याची सार्वजनिक सुटी आहे. हिवाळ्याचा जोर ओसरलेला, मेपल वृक्षांच्या रसाचा हंगाम पुरता सुरू न झालेला आणि बर्फ वितळून कच्चे रस्ते चिखलात बुडावयाचे अद्याप बाकी, अशी ती वेळ असते. सभेपूर्वी किमान तीस व जास्तीत जास्त चाळीस दिवस अगोदर तिची सूचना लावावी लागते व तीत विचारार्थ यावयाची सर्व कलमे नमूद करावी लागतात. सूचनेत नसलेल्या विषयावर बंधनकारक निर्णय घेता येत नाही. या नियमामुळे ऐन वेळी चार माणसे जमवून ठराव उरकून घेण्याची वाट बंद होते. उलट, गावातील पाच टक्के मतदारांनी सह्या करून मुदतीत अर्ज दिल्यास त्यांचे कलम सूचनेत येते. कारभाऱ्यांना न आवडणारा विषयही असा सभेपुढे आणता येतो.

सभा शाळेत, गावच्या सभागृहात किंवा क्वचित चर्चच्या तळघरात भरते. पहिले कलम सभाध्यक्षाच्या निवडीचे. तो स्वतः गावचा कारभारी असण्याची गरज नाही, बहुधा नसतोच. वादात दोन्ही बाजूंना सारखी संधी देणारा म्हणून ज्याची ख्याती आहे अशा माणसाला वर्षानुवर्षे निवडतात. त्यानंतर तीन किंवा पाच जणांचे कार्यकारी मंडळ, गावचा कारकून, खजिनदार, हिशेब-तपासनीस आणि मालमत्तेची किंमत ठरविणारे ‘लिस्टर’ यांच्या निवडी होतात. कुंपणांचे तंटे पाहणारे, इमारती लाकूड तपासणारे व कोळसा वजन करणारे असे अधिकारी नेमण्याची पद्धतही, काम संपून कैक वर्षे लोटली तरी, चालू राहिली. मतदान प्रथम तोंडी होते. एकाही मतदाराने आवाजाच्या अंदाजाविषयी शंका घेतली, तर प्रत्यक्ष मोजणी करावी लागते आणि सात जणांनी मागणी केली, तर चिठ्ठ्यांवर गुप्त मतदान घ्यावे लागते.

चर्चेचा मोठा भाग रस्त्यांनी व्यापलेला असतो. खडी किती टाकावी, बर्फ सारणारा ट्रक आणखी एक हिवाळा टिकेल की नवा घ्यावा, अमुक टेकडीवरचा पूल कोणी तपासला, असे प्रश्न निघतात. बसलेल्यांपैकी निम्म्या जणांनी तो ट्रक कधी ना कधी चालविलेला असतो. ग्रंथालयाला किंवा रुग्णवाहिकेला द्यावयाच्या शे-दोनशे डॉलरांवर अर्धा तास वाद होतो आणि लाखाच्या रकमेचा ठराव पाच मिनिटांत मंजूर होतो. बाहेरच्यांना याची गंमत वाटते. परंतु शंभर डॉलर म्हणजे काय हे प्रत्येकास ठाऊक असते, हे त्यामागील कारण लक्षात घ्यावयास हवे. दुपारी सामुदायिक भोजन होते व सकाळी एकमेकांचे मुद्दे खोडून काढणारे शेजारी एकाच बाकावर बसतात.

या जिव्हाळ्याची किंमत परक्यांनी मोजली. गरिबांचा सांभाळ हे गावाचे कर्तव्य होते व त्याचा खर्च गावच्या करांतून भागे. म्हणून नव्याने आलेल्या कुटुंबाला कायदेशीर रहिवास मिळण्यापूर्वीच ‘गाव सोडा’ अशी लेखी ताकीद बजावण्यात येई. बहुतेकांना प्रत्यक्ष हाकलले जात नसे. पण पुढे विपत्ती ओढवल्यास गाव जबाबदारी नाकारू शके. ही प्रथा व्हर्माँटमध्ये १८१७ पर्यंत चालली. रहिवास असलेल्या निराधारांची स्थितीही फार चांगली नव्हती. अनेक गावांत त्यांचा सांभाळ लिलावाने दिला जाई : जो सर्वांत कमी पैशांत एखाद्या विधवेला वा वृद्धाला वर्षभर ठेवण्यास तयार होई, त्याच्या घरी तिची वा त्याची रवानगी होई. कर भरणारे तेच, बोली लावणारे तेच आणि मत देणारेही तेच होते. स्त्रियांना शाळा-प्रभागाच्या सभेत मत देण्याचा अधिकार १८८० मध्ये आणि कर भरणाऱ्या स्त्रियांना गावसभेत तो १९१७ मध्ये मिळाला.

विसाव्या शतकात सभेपुढील विषय एकेक करून राज्याच्या राजधानीकडे, माँटपील्यरकडे गेले. १९२७ च्या महापुराने पूल व रस्ते वाहून गेल्यावर लहान गावांना पुनर्बांधणीचा भार पेलेना. १९३१ मध्ये प्रमुख रस्ते राज्याने ताब्यात घेतले. गरिबांच्या साहाय्याची जबाबदारी १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस राज्याकडे गेली, आणि वरील इतिहास पाहता याचे कोणी दुःख करण्याचे कारण नाही. त्याआधी १९६५ मध्ये आणखी एक बदल झाला होता. तोपर्यंत राज्याच्या कनिष्ठ सभागृहात २४६ सदस्य असून वस्ती कितीही असो, प्रत्येक गावाला एक प्रतिनिधी मिळे. शंभराहून कमी वस्तीच्या व्हिक्टरी गावाचे मत आणि पस्तीस हजारांच्या बर्लिंग्टन शहराचे मत सारखेच. सर्वोच्च न्यायालयाच्या समान प्रतिनिधित्वाविषयीच्या निर्णयांनंतर सदस्यसंख्या १५० करण्यात आली व मतदारसंघ लोकसंख्येनुसार आखले गेले. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच होते. परंतु व्हिक्टरी व ग्रॅनबी या गावांत वीज १९६३ मध्ये आली, राज्यात सर्वांत शेवटी. आणि वीज आल्यावर दोनच वर्षांत त्यांचा विधिमंडळातील स्वतंत्र आवाज गेला.

सर्वांत खोल जखम शाळेची. या काउंटीतील काँकर्ड गावी सॅम्युएल रीड हॉल याने १८२३ मध्ये शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी शाळा काढली. अमेरिकेतील अशा प्रकारची ती पहिली मानली जाते. शाळा ही प्रत्येक वाडीची स्वतःची वस्तू होती व तिच्यासाठी वेगळी सभा भरे. १८९२ च्या कायद्याने वाडीचा कारभार गावाकडे आला. १९९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गावागावांतील शैक्षणिक खर्चाची विषमता घटनाबाह्य ठरविली आणि त्याच वर्षी राज्यव्यापी शिक्षणकराचा कायदा झाला. गरीब गावांतील मुलांना याचा लाभ झाला, हे निर्विवाद आहे. पण कराचा दर कसा ठरतो हे यापुढे सभेत उभे राहून कोणाला समजावून सांगता येईना. २०१५ च्या कायद्याने लहान शाळा-मंडळांच्या एकत्रीकरणास चालना दिली. काउंटीतील पुष्कळ गावांत आज स्वतःची शाळा नाही. मुले शेजारच्या गावी जातात व त्यांचे शुल्क भरले जाते.

जमिनीविषयीही असेच घडले. काउंटीतील जंगलाचा मोठा हिस्सा कागद-कंपन्यांच्या मालकीचा होता. १९९९ च्या सुमारास चँपियन इंटरनॅशनल या कंपनीने सुमारे १,३२,००० एकर जमीन विकली; तिचे संघराज्याचे वन्यजीव आश्रयस्थान, राज्याचे वन्यजीव क्षेत्र आणि खाजगी लाकूड-उत्पादन असे तीन भाग झाले. संघराज्याच्या जमिनीवर गावाला कर बसविता येत नाही, भरपाई तेवढी मिळते. जमीन गावाच्या सीमेत, पण व्यवहार ठरला गावाबाहेर. याउलट १९८२ च्या मार्चमध्ये व्हर्माँटमधील दीडशेहून अधिक गावसभांनी अण्वस्त्रांची वाढ गोठविण्याची मागणी करणारे ठराव केले व जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यांची दखल घेतली. अण्वस्त्रांवर बोलण्यास गावसभा मोकळी होती. आपल्याच जंगलाविषयी तिचा शब्द चालत नव्हता.

सभेला येते कोण, या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीचा अभ्यास फ्रँक ब्रायन या राज्यशास्त्रज्ञाने केला. त्याने व त्याच्या विद्यार्थ्यांनी १९७० ते १९९८ या काळात सुमारे दीड हजार सभांत बसून माणसे व भाषणे मोजली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथानुसार नोंदलेल्या मतदारांपैकी सरासरी एक-पंचमांश हजर राहतात. उत्पन्न किंवा शिक्षण यांपेक्षा गावाचा आकार अधिक निर्णायक ठरतो. गाव जितके लहान, तितकी हजेरी मोठी. याचा अर्थ एसेक्समधील ग्रॅनबीसारखी, २०२० मध्ये शंभराच्याही आत वस्ती असलेली गावे या संस्थेस सर्वांत अनुकूल ठरतात. मात्र अशाच गावांजवळ पैसा, पदांसाठी माणसे व निर्णयाचे विषय सर्वांत कमी उरले आहेत.

आता गावांपुढे ऑस्ट्रेलियन मतपत्रिकेचा पर्याय आहे. तो स्वीकारल्यास दिवसभरात केव्हाही जाऊन छापील मतपत्रिकेवर गुप्त मत देता येते. पाळीवर काम करणारे, रुग्ण, लहान मुलांच्या माता यांची त्यामुळे सोय होते आणि मतांची संख्या वाढते. मात्र छापलेल्या कलमात दुरुस्ती सुचविता येत नाही, रक्कम कमी करता येत नाही. होय किंवा नाही एवढेच उरते. २०२१ मध्ये कोविड महासाथीमुळे राज्याने गावांना तात्पुरती तशी मुभा दिली होती. कायमचा बदल करावयाचा झाल्यास मात्र ते कलम रीतसर सूचनेत घालावे लागते आणि त्यावरील मत गावसभेतच घ्यावे लागते.