सेसना १७२ : इंजिनांचे भेद आणि इंधनाचा इतिहास

जुने हलके विमान घेणारा इंजिनाच्या सांकेतिक नावाकडे यांत्रिक तपशील म्हणून पाहतो. वस्तुतः ते इंधनाच्या इतिहासाचे एक साधन आहे. सेसना १७२ चे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९५६ च्या मूळ विमानात कॉन्टिनेन्टलचे सहा सिलिंडरांचे, १४५ अश्वशक्तीचे इंजिन होते. १९६८ मध्ये त्याची जागा लायकमिंगच्या चार सिलिंडरांच्या, १५० अश्वशक्तीच्या इंजिनाने घेतली. दोहोंची घडण ८० ऑक्टेनच्या पेट्रोलासाठी होती. पुढे ते पेट्रोल दुर्मिळ होऊ लागले, तेव्हा १९७७ मध्ये १०० ऑक्टेनसाठी आखलेले १६० अश्वशक्तीचे ओ-३२०-एच इंजिन आले. परंतु त्याचे कॅमशाफ्ट व टॅपेट अकाली झिजू लागले आणि १९८१ मध्ये त्याच शक्तीचे ओ-३२०-डी जातीचे इंजिन योजावे लागले. उलटपक्षी, जुन्या इंजिनांत १०० ऑक्टेनचे पेट्रोल वापरल्यास, त्यातील शिशाची कमाल मर्यादा चौपट असल्याने, स्पार्क प्लगांवर शिसे साचते. तात्पर्य, केवळ अश्वशक्तीच्या आकड्यावरून श्रेष्ठत्व ठरत नाही. इंजिन कोणत्या इंधनासाठी घडले आणि ते इंधन आज मिळते काय, हे प्रश्न प्रथम विचारावयास हवेत.