आधी घोडे, मग म्हशी, शेवटी बैल : डहाणू-तलासरीच्या सीमेवरून पशुआरोग्य कायद्याचा इतिहास

सप्टेंबर २०२०. करोनाच्या पहिल्या लाटेत अवघा देश माणसांच्या तापाची चिंता वाहत असताना पालघर जिल्ह्याच्या पशुसंवर्धन विभागाने एका वेगळ्याच तापाविषयी परिपत्रक काढले. रोगाचे नाव क्रिमियन काँगो ताप. गुरांच्या अंगावरील गोचिडांतून तो पसरतो. जनावर बहुधा आजारी दिसतही नाही. पण त्याच्या रक्ताचा संसर्ग झालेला माणूस मात्र दगावू शकतो. गुजरातच्या काही भागांत हा रोग आढळला आहे आणि वलसाड जिल्हा पालघरला लागून आहे. तेव्हा गुरे पाळणारे, मांसविक्रेते आणि पशुवैद्यकीय कर्मचारी यांनी सावध राहावे, असा त्या परिपत्रकाचा आशय होता. भारतात या रोगाचा पहिला उद्रेक जानेवारी २०११ मध्ये गुजरातेतच, अहमदाबाद परिसरात नोंदवला गेला होता.

परिपत्रक योग्यच होते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यातला एक शब्द थांबवतो : सीमा. रोग सीमेपलीकडून येईल, म्हणून अलीकडे जागे राहायचे. पण ही सीमा किती जुनी? आणि तिच्या अलीकडच्या गुरांची काळजी वाहण्याचे काम कायद्याने केव्हापासून अंगावर घेतले? त्या परिपत्रकामागचा दीडशे वर्षांचा धागा असा.

१८६९ मध्ये हिंदुस्थान सरकारने गुरांच्या साथींची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला. अध्यक्ष होते जे. एच. बी. हॅलन, मुंबई इलाख्याच्या सैन्यातले पशुवैद्य. पुण्यातील लष्करी पशुवैद्यक शाळेशी त्यांचा संबंध होता. १८७१ च्या अहवालात या आयोगाने निर्वाळा दिला की देशभर गुरे मारणारा मुख्य रोग म्हणजे ‘रिंडरपेस्ट’, आपल्याकडची बुळकांडी. जुलाब, तोंडात व्रण, आणि काही दिवसांत मृत्यू. आजारी गुरे वेगळी ठेवणे, त्यांची ने-आण रोखणे हे उपाय तेव्हाही ठाऊक होते. मद्रास इलाख्याने तर १८६६ मध्येच गुरांच्या रोगांविषयी कायदा केला होता. देशव्यापी कायदा मात्र झाला नाही.

झाला तो घोड्यांसाठी. १८९९ चा ‘ग्लँडर्स अँड फार्सी’ कायदा घोड्यांच्या एका सांसर्गिक रोगाविषयी आहे; १९१० चा डुरीन कायदाही घोड्यांच्याच रोगाविषयी. १८९० च्या दशकाच्या आरंभी स्थापन झालेल्या मुलकी पशुवैद्यकीय खात्यावरही सुरुवातीला मोठी जबाबदारी होती ती अश्वपैदाशीची. कारण उघड आहे : घोडा फौजेचा, बैल कुणब्याचा. (डुरीन झालेला घोडा डहाणूच्या जंगलपट्टीत कितीजणांनी पाहिला असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.)

विज्ञान कायद्याच्या पुढे धावत होते, आणि त्याची एक वाट महाराष्ट्रातून गेली. १८८६ मध्ये परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय उघडले. त्यामागे सर दिनशा माणेकजी पेटिट यांची देणगी होती. १८८९ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू झाली. अल्फ्रेड लिंगार्ड तिचे पहिले प्रमुख. चार वर्षांनी ती कुमाऊंच्या थंड डोंगरात, मुक्तेश्वरला हलली आणि पुढे तिचीच आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था झाली. तिथे बुळकांडीवरची रक्तलस तयार होऊ लागली. १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी विषाणू शेळ्यांमधून वारंवार नेऊन सौम्य केला आणि स्वस्त लस हाती आली.

याच काळात हिंदुस्थानी गुरांनी युरोपला एक धडा दिला. १९२० मध्ये इथून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरे बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि त्यांच्यासोबत बुळकांडी बेल्जियमात उतरली. त्या धसक्यातून १९२४ मध्ये २८ देशांनी पॅरिसला एक आंतरराष्ट्रीय कचेरी स्थापली. तीच आजची जागतिक पशुआरोग्य संघटना. रोगाची बातमी लपवायची नाही, एकमेकांना कळवायची, हा तिचा मूळ करार. आता ही संघटना देशोदेशीच्या पशुवैद्यकीय सेवांचे मूल्यमापनही करते. डॉक्टर किती, प्रयोगशाळा कशा, कायदा कागदावर आहे की अमलात येतो, आणि पशुपालकाचा त्या यंत्रणेवर विश्वास आहे का, असे तिचे प्रश्न असतात.

हे प्रश्न १९४५ च्या डहाणूला विचारले असते तर?

त्या वर्षी २३ मे रोजी झरी या गावी वारल्यांची मोठी सभा झाली. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. तेव्हा ते ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होते. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील किसान सभेचा हा लढा वेठबिगार आणि लग्नगड्याची प्रथा यांविरुद्धचा म्हणून सर्वांना माहीत आहे. त्यातली गवताची मागणी मात्र सहसा विसरली जाते. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी मिळावी, असा तो आग्रह होता. ठाणे जिल्ह्यातले गवत मुंबईला जाई, तिथल्या तबेल्यांतल्या जनावरांसाठी. म्हणजे या डोंगरांतला माणूस मुंबईच्या म्हशीची वैरण पुरवीत होता आणि त्या वैरणीची मजुरी मिळावी म्हणून त्याला संप करावा लागत होता. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण ठार झाले.

त्याच माणसाच्या गोठ्यातला बैल सरकारी हिशेबात कुठेच नव्हता. या पट्टीत भातशेतीचे सारे चक्र गुरांवर फिरते. शेण आणि पालापाचोळा पसरून राब भाजायचा, पावसाबरोबर चिखलणी करायची, मग आवण लावायचे. मृगाच्या तोंडावर बैलजोडी मेली तर दुसऱ्याचे बैल भाड्याने आणणे किंवा सावकाराचे दार ठोठावणे, एवढेच उरे. आणि त्या दारातूनच वेठीचा रस्ता सुरू होई. वारल्यांचा वाघदेव आणि दिवाळीआधीची वाघबारस पाहिली की गुरांच्या रक्षणाची प्रार्थना कोणाकडे केली जात होती ते कळते. वाघासाठी देव होता. बुळकांडीसाठी दवाखाना हवा होता.

मुंबई प्रांताने गुरांच्या रोगांविषयी स्वतंत्र कायदा केला तो १९४८ मध्ये. लगेच पुढच्या वर्षी मुंबईचे तबेले शहराबाहेर हलवण्यासाठी आरे वसाहत उभी राहिली. ती पुरेना, म्हणून १९६० च्या दशकात डहाणू तालुक्यात दापचरीचा सरकारी दुग्धप्रकल्प आखला गेला. आदिवासींच्या जमिनी घेतल्या गेल्या, पाण्यासाठी कुर्झे धरण बांधले गेले. पूर्वी गवत म्हशींकडे जात असे, आता म्हशी गवताकडे येणार होत्या. प्रकल्प कालांतराने मोडकळीस आला. आज दापचरी हे नाव बहुतेकांना महामार्गावरील तपासणी नाक्यामुळे ठाऊक आहे.

नाका आला, कारण सीमा आली. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले. उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातला गेला. महाराष्ट्रात राहिलेल्या गावांतून तलासरीचा वेगळा महाल आकाराला आला. पाड्यातल्या माणसांचे सोयरेसंबंध दोन राज्यांत विभागले गेले. गुरांच्या कायद्याचेही तसेच झाले. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत जनावरांच्या रोगांना प्रतिबंध आणि पशुवैद्यक व्यवसाय हे विषय राज्य सूचीत आहेत. पण एका राज्यातून दुसऱ्यात रोग पसरू न देणे हा विषय समवर्ती सूचीत. म्हणजे ३० एप्रिल १९६० रोजी जी साथ एका तालुक्याचा प्रश्न ठरली असती, ती दुसऱ्या दिवसापासून दोन सरकारांचा प्रश्न झाली.

तरीही बुळकांडी गेली, आणि ही गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे. १९५४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन योजना सुरू झाली : पाच वर्षांत ८० टक्के गुरांना लस टोचायची. लस टोचणारे गावोगाव फिरले, राज्यांच्या सीमांवर लसीकरणाचे नाके बसले. साथी घटल्या, पण रोग हटेना. सरासरीने ८० टक्के गाठले तरी दुर्गम भागांत आणि फिरत्या कळपांत विषाणूला आसरा मिळतच राहिला. १९९२ पासूनच्या नव्या कार्यक्रमात पद्धत बदलली. रोग जिथे होता तिथे नेमके लसीकरण, इतरत्र टप्प्याटप्प्याने लस बंद, आणि गावोगाव जाऊन गुरे पाळणाऱ्यांना विचारपूस : अशी लक्षणे कुठे दिसली का? लस चालू असताना विषाणू लपून राहतो, म्हणून ती थांबवून शोध घेणे हे धाडसाचे होते. १९९५ मध्ये तमिळनाडूत शेवटचा उद्रेक नोंदवला गेला, २००६ मध्ये भारताला रोगमुक्तीची मान्यता मिळाली, आणि २०११ मध्ये साऱ्या जगातून हा रोग संपल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच रोग. या यशात प्रयोगशाळांइतकाच वाटा पाड्यावर चालत जाणाऱ्या माणसाचा आहे.

देशव्यापी सर्वसमावेशक कायदा मात्र त्यानंतर आला, २००९ मध्ये. जनावरांतील संक्रामक व सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाचा हा कायदा राज्यांना ‘नियंत्रित क्षेत्र’ जाहीर करण्याचा, गुरांची ने-आण थांबवण्याचा, तपासणी नाके उभारण्याचा अधिकार देतो. घोड्यांचे ते दोन जुने कायदे याच कायद्याने रद्द झाले. हॅलन यांच्या अहवालानंतर १३८ वर्षांनी बैल घोड्याच्या बरोबरीला आला.

त्याची खरी कसोटी २०२२ मध्ये लागली. लंपी चर्मरोगाची साथ पसरली तेव्हा महाराष्ट्राने संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर केले, गुरांचे बाजार बंद केले, मोफत लसीकरण हाती घेतले. सोबत आणखी एक निर्णय झाला : मेलेल्या दुभत्या गायीमागे ३०,००० रुपये, ओढकाम करणाऱ्या बैलामागे २५,०००, वासरामागे १६,००० रुपये मदत. बाजारभावाच्या मानाने रक्कम कमी की जास्त, हा वाद राहील. पण रोग कळवण्यात पशुपालकाचा तोटा नाही, असे सरकारने आकड्यांत सांगितले, आणि बैलाला त्या यादीत स्वतंत्र ओळ मिळाली.

२००९ च्या कायद्यात रोग कळवण्याची साखळी दिलेली आहे. मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला सांगायचे, त्याने ‘जवळच्या उपलब्ध’ पशुवैद्याला. १९७६ च्या राष्ट्रीय कृषी आयोगाने पाच हजार गुरांमागे एक पशुवैद्य असावा, असे सुचवले होते. महाराष्ट्रात श्रेणी १ च्या दवाखान्यात पदवीधर पशुवैद्य असतो, श्रेणी २ मध्ये पशुधन पर्यवेक्षक. संशयास्पद रोगाचा नमुना पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत जातो, बर्ड फ्लूसारखा असेल तर पुढे भोपाळला. तलासरीच्या एखाद्या पाड्यावर गाय तापाने फणफणली तर साखळीची पहिली कडी शेजारच्या घरात सापडते. दुसरी ग्रामपंचायतीत. तिसऱ्या कडीपाशी कायद्याने स्वतःच ‘उपलब्ध’ हे विशेषण जोडून ठेवले आहे.